नखाएवढा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नाही आणि खिडकीचाही नाही. फोटोग्राफर लोकांच्या मोठ्या कॅमेऱ्याला डोळा लावायची जी काच असते, तिच्या मागे मी राहतो. माझा आकार तुमच्या नखाएवढा. काचेच्या डावीकडे माझी बारीकशी दांडी आहे. ती ओढली की मी मिटतो. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, हे एवढंसं कामही आजवर मला कोणी करू दिलेलं नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यात मला मान होता. तिथल्या एका बाईंनी मला दोनशे वेळा उघडून मिटून पाहिलं आणि मगच पसंतीचा शिक्का मारला. पुढे अण्णा नगरातल्या एका फोटोग्राफरकडे मी सहा वर्षं लग्नं पाहिली. मुहूर्तापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत त्याचा डोळा काचेला चिकटलेला असे, त्यामुळे मला मिटण्याची गरजच पडली नाही. तेव्हा माझी काही तक्रार नव्हती.

मग तांबरमच्या पद्मनाभ सरांनी आमचा कॅमेरा विकत घेतला. माहितीपुस्तिका जुन्या मालकाने केव्हाच हरवली होती, आणि सरांनी ती मागितलीही नाही. सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. तंजावरकडचं मराठी घर, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात रुजलेलं, त्यामुळे पोंगलला, म्हणजे तिकडच्या संक्रांतीला, सगळी भावंडं, सुना, नातवंडं जमतात. सरांच्या आईची, राजसबाईंची, एकच हौस होती. सगळ्यांचा एकत्र फोटो हवा आणि त्यात मुलगा आपल्या शेजारी उभा हवा. सर जन्मभर कॅमेऱ्याच्या मागेच राहिलेले. मायलेकांचा एकही धड फोटो घरात नव्हता.

पहिल्या पोंगलला सरांनी गच्चीवर तिपाई मांडली. लोकांच्या तोंडावर ऊन यावं म्हणून सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवला. दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत जाऊन आईशेजारी उभे राहिले. इथेच घोटाळा झाला. सर डोळा लावून उभे असतात तेव्हा मागून येणारं ऊन त्यांचं डोकं अडवतं. ते गेले की ऊन थेट काचेतून आत शिरतं. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड भरपूर आहे, मग तो समोरचा उजेड कमी घेतो. फोटो काळाकुट्ट. अशा वेळी मला मिटायचं असतं. त्यासाठीच तर मला जन्माला घातलं! मी आतून तडफडत होतो, पण पडद्याला तोंड कुठे असतं?

तीन पोंगल हेच झालं. सर स्वतः काढत तो फोटो लख्ख यायचा, सर त्यात गेले की काळोख. धाकटा भाऊ मुरली म्हणू लागला की दादा आला की ग्रहण लागतं. सगळे हसायचे, सरही हसायचे. पण हळूहळू सरांना ते खरं वाटू लागलं.

चौथ्या वर्षी राजसबाई काजळाची डबी घेऊन गच्चीवर चढल्या.

"माझ्या पोरास अस्क्यांची दृष्टी लागली आहे," त्या म्हणाल्या. अस्के म्हणजे त्यांच्या तंजावरी बोलीत सगळे. "या मशिनीस डोळा एकच. तीट तिथंच लावते."

आणि अंगठ्याने त्यांनी माझ्या काचेवर जाडजूड काजळ फासलं. ऊन अडलं. फोटो लख्ख आला! दृष्ट उतरली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गात ऊठसूट "का?" विचारणाऱ्या सरांना "का?" विचारावंसं वाटलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काम माझं आणि मान काजळाला! मी धुमसत होतो. पण राजसबाई त्या फोटोवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसल्या, ते पाहून माझा राग थोडा निवळला, हेही सांगितलं पाहिजे.

त्यानंतर दोन वर्षं हाच रिवाज झाला. आईने तीट लावायची आणि दुसऱ्या दिवशी सरांनी ती कापसाने पुसायची.

गेल्या आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, राजसबाई वारल्या.

या पोंगलला सरांनी पुन्हा तिपाई मांडली. टायमर लावला, चार पावलं गेले आणि परत फिरले. मुलगी कीर्तना म्हणाली, "अप्पा, या ना. तीट मी लावते."

"ते काजळाचं काम नव्हतं, कण्णा," सर लेकीला लाडाने म्हणाले. "आईच्या हाताचं होतं. तुम्ही उभे राहा, मी काढतो."

त्यांनी डोळा काचेला लावला. डोळा ओला होता, काच धुरकटली. त्यांचं नाक माझ्या दांडीला लागत होतं. फोटो लख्ख आला. त्यात दोन माणसं कमी होती. एक देवाघरी गेलेलं आणि दुसरं माझ्यापासून बोटभर अंतरावर उभं.

मित्रांनो, काही बिघडलं तर नशिबाला बोल लावण्याआधी वस्तू हातात घेऊन नीट उलटून पाहा. जिचं काम कळत नाही अशी दांडी दिसली, तर विचारायला लाजू नका. आणि तुमच्यापैकी कोणी तांबरमला सरांच्या वर्गात बसत असेल, तर उद्या हात वर करा आणि सांगा, सर, काचेच्या डावीकडे एक दांडी आहे. ती ओढा आणि फोटोत जाऊन उभे राहा.