पंकजाचं खळं

“भाऊ, हे मशीन बंद कवा केलतं?” धम्मपालनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

मुंजाजी दारात उभा होता. त्याच्या बायकोचा, पंकजाचा तेरावा उरकला होता आणि अंगणात मांडववाला खांब उपसत होता. “बंद कोण करायलंय? तिच्या टेबलाला मी हातसुद्धा लावला न्हाई.”

“मधी करंट गेलाय, भाऊ.” धम्मपालनं खुर्ची मागं सरकवली. “तिचं शेवटचं सगळं गेलं.”

मुंजाजी पाथरीत ट्रॅक्टरची दुरुस्ती करायचा. पंकजा घरी बसून संगणकाचं काम करायची. त्यातलं त्याला एवढंच कळायचं, जेवढं तिनं भाकरी थापता थापता सांगितलं होतं. डिस्क म्हणजे घरातली कणगी. सावकाश चालते, पण ठेवलेलं राहतं. मेमरी म्हणजे रानातलं खळं. काम झपाट्यानं होतं, पण वीज गेली की सगळं साफ. ती आणि परभणीचा धम्मपाल जुन्या, मंद संगणकांसाठी एक आज्ञा बनवत होते. ती टाइप केली की मेमरीत हवी तेवढी जागा आखून मिळायची आणि साध्या फोल्डरसारखी वापरता यायची. नाव पंकजानंच ठेवलं होतं, खळं. ‘कर’ म्हटलं की जागा तयार, ‘मोड’ म्हटलं की सपाट.

या ‘मोड’वरूनच दोघांचं वाजायचं. धम्मपाल म्हणायचा, आज्ञेनं सांगितलेलं करावं, उलट विचारू नये. पंकजा म्हणायची, “माझ्या मायनं रास घरी नेल्याबिगर खळं मोडलं न्हाई. मी मोडू देईन व्हय?” शेवटी तिनं ‘भर’ नावाचा भाग लिहायला घेतला. मोडायच्या आधी, आणि मधूनमधूनही, खळ्यातलं काम आपोआप डिस्कवर नेऊन ठेवणारा. लिहायची तेही खळ्यातच बसून, सगळं मेमरीतच ठेवून. आपण राहिल्याशिवाय गळतं कुठं ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. अंगात ताप असताना लिहीत होती. भर पुरतं चालू व्हायच्या आतच, एका सकाळी, ती टेबलावरून उठली ती मोरीपर्यंतच पोचली.

मुंजाजी ओसरीवर आला. “पिन कुणी काढली?”

थोरला भाऊ आबासाहेब पान लावत होता. “कशाची?”

“तिच्या मशीनची!”

“मी काढली. लाइट गेलती. पेटीला इन्व्हर्टर लावला. दोन्ही वढंना.”

पेटी म्हणजे मयत ठेवायची थंड पेटी. हंगामात निम्मं गाव ऊसतोडीवर असतं, माणसं पोचेपर्यंत मयत ठेवावं लागतं, म्हणून इकडं ती भाड्यानं आणतात. पंकजाची आई छबूबाई कर्नाटकात तोडीवर होती.

“इचारायचं तरी, दादा!”

“कुणाला इचारू? तू भिताडाला डोस्कं हाणायलतास. मशीनसाठी मयत नासू देऊ काय?”

मुंजाजीनं पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर हाणला. मांडववाला खांब धरून तसाच थांबला.

कोपऱ्यातून छबूबाई म्हणाली, “पाव्हणं, पेटी माझ्यासाठीच आणलती. मला बोला.”

तिला काय बोलणार? मायला लेकीचं तोंड दिसलंच पाहिजे, असं हटून मुंजाजीनंच सांगितलं होतं. मग तो मेलेलीवरच चिडला. “साऱ्या दुनियेला शहाणपण शिकवायची, अन् सोताचं उघड्यावर टाकून गेली!”

धम्मपाल आतून आला. “भाऊ, आधीचं हाय माझ्याजवळ. कर अन् मोड बेस चालायलंय. ते लोकांसाठी इंटरनेटवर टाकू. वर वहिनीचं नाव.”

“त्यात भर हाय?”

“न्हाई.”

“मंजी कुणाची बी पिन निघली की असंच?”

“एक सूचना टाकू. वापरणाऱ्यानं सांभाळावं. सगळीकडं तसंच असतंय.”

“सगळीकडं!” मुंजाजी त्याच्या अंगावर गेला. “ज्याच्यापायी ती तुझ्यासंगं भांडली, तेच तिच्या नावानं वाटायलास? ती हाय तवर जिंकता आलं न्हाई, म्हून आता जिंकायलास व्हय रे?”

धम्मपालचं तोंड उतरलं. “मग भर मी लिहितो. पण तिच्यावानी न्हाई जमायचं.”

“जमंल तसं लिही. पण त्याच्याबिगर तिचं नाव कुठं लावलंस, तर परभणीला येऊन तंगडं मोडीन.”

आता धम्मपाल रविवारी जीपनं येतो आणि पंकजाच्या टेबलाशी बसतो. मुंजाजी त्याच्यासमोर चहा ठेवतो, बोलत मात्र नाही. आबासाहेबाशीही बोलत नाही. कर चालतं. मोड चालतं. भर अजून लिहून व्हायचं आहे.