वाहिदभाईंची टोपली

कंदिलाच्या काचेच्या चिमणीचं पोट जिथे सर्वांत रुंद असतं, तिथे काच सर्वांत पातळ असते. फुंकणाऱ्याचा श्वास जरा डगमगला, तर पोट एका अंगाला झुकतं. वाहिदने आपल्या टोपलीतली चिमणी खिडकीकडे धरली. तिचं पोट एका अंगाला झुकलं होतं.

तळेगावजवळच्या त्या काच कारखान्यात कंदिलाच्या चिमण्या फुंकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दसऱ्याच्या सुमारास त्याच्या गालात गाठ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला. गाल कापावा लागेल, मग फुंकणं संपलं, असंही सांगितलं. ‘बघू’ म्हणून वाहिद परत आला. आता संक्रांत उलटली होती. श्वास पुरत नसे, गाल ठणके. पण संध्याकाळी टोपली भरलेली दिसे, म्हणून आपलं निभतंय असं त्याला वाटे.

“ही माझी न्हाई,” तो म्हणाला.

चिमण्या पेंढ्यात बांधणाऱ्या कस्तुराबाईंनी मान वर केली नाही. “काच हाय, भाऊ. तिला काय बापाचं नाव असतंय?”

“नथू फुंकतो तवा पोट असंच एका अंगाला जातं.”

शेजारचा नथू ओशाळला. “तुमच्यासारखं फुंकाया बघतो, वाहिदभाई. जमत न्हाई.”

“मुकादमाला कळलं तर?”

“त्यानंबी फुंकल्या तुमच्यासाठी. समद्या फुटल्या.”

वाहिदला हसू आलं. हसताना गाल दुखला आणि त्याने तो तळहाताने दाबून धरला. कस्तुराबाईंचे हात थांबले.

“चुकलंच आमचं,” त्या म्हणाल्या. “तुमची जागा जाऊ नये म्हनून टोपली भरत गेलो. ती भरत गेली, अन् तुमी मुंबईला परत गेलाच न्हाई.”

“फुंकता आलं न्हाई, तर हितं माझं काय काम?”

“मुकादम म्हनतो, गाल गेला तरी डोळं हायेत. काच हळूहळू निवायच्या भट्टीवर चिमण्या तपासाया असाच मानूस पायजे.”

“आमची वाकडी पोटं कोन वळखनार?” नथू पुटपुटला.

वाहिदने ती चिमणी परत टोपलीत ठेवली.

“उद्या सकाळच्या गाडीनं जातो,” तो म्हणाला. “कापा म्हनून सांगतो.”