चौकातून हललो आणि कामाला लागलो

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. मोबाइलचा नव्हे हं! पुरुषभर उंचीचा, कमरेला लांब केबल असलेला, विजेवर चालणाऱ्या टॅक्सींना वीज देणारा. माझा रंग उडाला आहे, पण मान अजून ताठ आहे. का, ते सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा या शहरात माझ्यासारखा दुसरा कोणी नव्हता. मला कुठे बसवायचे, यावर पालिकेत बराच खल झाला. शेवटी नियोजन विभागातल्या तरुण अभियंता बाईंनी कारंज्याचा चौक निवडला, कारण सर्वांत जास्त प्रवासी तिथेच टॅक्सीत चढत. फीत कापली, फोटो निघाले. मला तर आभाळ ठेंगणे झाले!

पण टॅक्सी काही माझ्याकडे फिरकेनात. जिथे उभे राहताच गिऱ्हाईक मिळते, तिथे गाडी केबलला बांधून कोण ठेवणार? शिवाय चौकात ना सावली, ना बसायला जागा. हळूहळू माझ्या अंगावर जाहिराती चिकटल्या, केबलवर धूळ साचली. समोर खासगी गाड्या खुशाल उभ्या राहू लागल्या. चार्जिंगची सोय नाही म्हणून काही चालक पुन्हा पेट्रोलकडे वळल्याचेही कानावर आले. नुसती शोभेची वस्तू होऊन उभे राहणे फार जड जाते.

एका सकाळी एक टॅक्सी कशीबशी माझ्यापर्यंत आली. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे 'काकू' म्हणत. मागे एक थकलेले आजोबा आणि त्यांची मुलगी. मुलगी म्हणजे त्याच अभियंता बाई! वडिलांना डायलिसिससाठी दवाखान्यात न्यायचे होते आणि बॅटरी संपत आली होती. माझ्यासमोर मात्र कुणाची तरी चकचकीत गाडी उभी, मालकाचा पत्ता नाही.

"ताई, आता ही पुढे जायची नाही," काकू म्हणाल्या. "बाबांना दुसऱ्या टॅक्सीत बसवू या."

आजोबा काठी टेकत उतरले. धापा टाकतानाही मला पाहून त्यांना हसू आले.

"अगं, हा तुझाच ना?"

बाईंनी वडिलांना घट्ट धरून ठेवले. दुसरी टॅक्सी मिळायला बराच वेळ गेला. उपचार उशिरा झाले, पण आजोबा सुखरूप घरी गेले, हे पुढे काकूंच्या तोंडून ऐकले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बाईंनी खापर कुणावर फोडले नाही. त्यांनी रजा काढली आणि काकूंच्या शेजारी बसून शहरभर फिरल्या. टॅक्सी कुठे धावते यापेक्षा ती कुठे थांबते, ते त्या पाहू लागल्या. दवाखान्यामागे झाडांखाली टॅक्सींची रांग असे. पेशंट आत उपचार घेत, तोवर चालक डबा खात, डुलकी काढत. विजेचे उपकेंद्रही भिंतीपलीकडेच होते!

बाईंनी मला तिथे हलवायचे सुचवले, तेव्हा त्यांचे साहेब मला पाहायला आले आणि कुरकुरले, "अहो, चौकात आहे तर लोकांना दिसतो तरी!"

"दिसायला नाही साहेब, उपयोगी पडायला बसवतात. जागा माझी चुकली, आता दुरुस्तही मीच करते."

मला उपटून ट्रकमध्ये आडवे घातले, तेव्हा वाटले, निघालो भंगारात! पण उभे केले ते दवाखान्यामागच्या गार सावलीत. पहिल्यांदा केबल लावली काकूंनी. आजोबांचे डायलिसिस होईपर्यंत त्यांच्या टॅक्सीचे पोट टम्म भरले होते. बाहेर येताच आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आता कसा माणसांत आलास!"

त्या थापेपुढे फीत आणि फोटो फिके पडले.

मग शहरात माझी भावंडे उभी राहिली. कुणी चालकांच्या वस्तीत, कुणी विमानतळाबाहेर टॅक्सी खोळंबतात तिथे. प्रत्येक जागी बाई आधी स्वतः बसून पाहत. पेट्रोलकडे गेलेले चालकही परतले.

आता माझ्याहून चपळ चार्जर आले आहेत. मी सावकाश भरतो, मधूनच कुरकुरतो, तरी माझ्यापुढे रांग असतेच.

मित्रांनो, चार्जरसमोर गाडी लावून कुणाची वाट अडवू नका. केबल जमिनीवर टाकू नका, आकड्याला अडकवा. आणि मोठे होऊन शहरात बाक, दिवा, नळ, काहीही बसवाल, तेव्हा आधी त्या जागी थोडा वेळ बसून बघा.

बरं, एक टॅक्सी आली आहे. चालकाने केबलला हात घातलासुद्धा. बोलणे पुरे, आता मला काम आहे.