दीड तासाचं विमान

बँकॉकच्या विमानतळावरून प्रफुलचा सकाळी फोन आला, तेव्हा हेमराज आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाची थप्पी लावत होता. "भाऊ, आता इथून फुकेतचं विमान. सातशे किलोमीटर हाय, पण दीडच तास. नोकरीच्या हॉटेलात पोचलो का फोन करतो."

दुपार झाली तरी धाकट्याचा फोन नाही. हेमराज निवांत. जन्मभर एसटीनं फिरलेला माणूस. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक आडवे आले की चंद्रपूरची गाडी कधी पोचेल याचा नेम नसतो, हे त्याला पाठ. विमानालाही काहीतरी आडवं आलं असेल, असं धरून तो पुन्हा लाकडं लोटायला लागला. आकाशात कसले आले ट्रक, हे या भल्या माणसाला कोण सांगणार?

ऊन उतरताना फोन वाजला. प्रफुल दबक्या आवाजात बोलत होता. "भाऊ, विमान नोतंच. सकाळपासून गाडीत कोंबून नेऊन राह्यले. एकानं पाणी मागतलं तं त्याचे दात पाडले. आता नदी आली. पलीकडं दुसरा देश, तिथं ऑनलाइन ठगीच्या कामाले कोंडते. तिकडं नेलं का संपलो मी. राजदीपले सांग, हे त्याचंच ऐकते." मग काहीतरी आदळलं, प्रफुल किंचाळला आणि फोन बंद पडला.

प्रफुलला ही नोकरी लावून देणारा एजंट राजदीप आलापल्लीच्या चौकामागेच राहायचा. अंगणात चहा पीत बसला होता. लाकडं लोटायची लोखंडी सब्बल हेमराजनं आधी त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज शेजारपाजाऱ्यांनीही ऐकला, पण कोणी बाहेर आलं नाही.

"फोन लाव."

"लावतो, हेमराजभाऊ, मारू नोको. नदी ओलांडली नसंल तं मी सांगतलं का सोडते ते. माह्या आवाजाशिवाय कोणाचं ऐकत नाई."

त्यानं नंबर लावला. घंटी वाजू लागली. एवढ्यावर तरी मेल्यानं गप्प बसावं! पण जिभेला हाड नाही. "मी काई त्याले ओढून नाई नेलं," तो पुटपुटला. "हौसेनं गेला. एवढा येडा निघंन असं वाटलं नोतं."

हेमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सब्बल तोंडावर बसली आणि राजदीपचा जबडा एका बाजूला लोंबू लागला.

तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. "हां राजदीप, बोलो. तुम्हारा लडका फोन छुपा के बैठा था. वापस भेजूं या पार करूं?"

राजदीपच्या तोंडातून फक्त रक्त आलं. हेमराजनं खाली बसून आपल्या दुपट्ट्यानं ते पुसलं, त्याची हनुवटी तळहातावर उचलून धरली. "बोल ना रे राजदीप. एकडाव बोल. पाया पडतो तुह्या."

राजदीपनं खरंच प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर निघाली.

"मैं उसका भाई हूं," हेमराज फोनवर ओरडला. "छोड दो उसको."

"राजदीप को दो."

"राजदीप इथीच हाय, साहेब."

 मग तो माणूस दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला, "चलो, सबको नाव में डालो." मागून प्रफुलनं एकदाच "भाऊ" अशी हाक मारली आणि फोन बंद झाला. हेमराजच्या तळहातावर अजून राजदीपची हनुवटी होती.