डब्यातली पांदण

शालूच्या घरातला काळा डबा सोमवारी सकाळी बोंबलायला लागला. चिकलठाण्यातल्या त्या दोन खोल्यांत कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही आणि डोक्यावरून उतरणारं विमान एवढे आवाज रोजचेच होते. हा नवा होता, आणि त्याचा अर्थ शालूला लगेच कळला. डब्याच्या पोटात दोन हार्डडिस्क होत्या. एक गेल्या उन्हाळ्यात मेली होती. आता दुसरी गचके देत होती.

डबा म्हणजे घरच्या वायफायला जोडलेली साठवण. शालू आणि तिचा नवरा अंगद लग्नांचे, हळदींचे, बारशांचे व्हिडिओ काढत, आणि काढलेलं सगळं नऊ वर्षं त्या डब्यात जात होतं. पहिली डिस्क मेली तेव्हाच नवा डबा आणायला हवा होता. अंगद म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणाला, लगीनसराई होऊ दे. अंगदच्या ‘बघू’वर घर चाललं असतं तर एव्हाना त्याला छप्परही राहिलं नसतं.

पण शालूला काळजी लोकांच्या लग्नांची नव्हती. शुक्रवारी तहसीलला सुनावणी होती, आणि तिच्या बापाची वाट त्या डब्यात होती.

बाप मुंजाबा. करमाडच्या अलीकडं त्याचा मेंढरांचा वाडगा. वाडग्यापासून पाझर तलावापर्यंत एक पांदण जायची, दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे एक कडुनिंब. मुंजाबाच्या बाप-आज्याची मेंढरं त्याच पांदणीनं पाण्याला जायची. शहर जालना रोडनं सरकत सरकत तिथवर आलं आणि पांदणीच्या कडेच्या सर्जेरावांनी आपल्या शेतात आठ मजली इमारत उठवली. उठवली तर उठवली, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण यंदा फेब्रुवारीत त्यांनी पांदणीवरच लोखंडी फाटक बसवलं, आणि वर अर्जात लिहून दिलं की इथं वाट कधी नव्हतीच, हे धनगर दोन वर्षांपासून घुसायला लागलेत. तेव्हापासून मुंजाबा साठ मेंढरं हायवेच्या कडेनं पाण्याला नेत होता. दोन मेंढरं ट्रकखाली गेली होती. वाट वर्षानुवर्षं वापरात होती असा पुरावा आणा, असं तहसीलदारांनी सांगितलं होतं.

पुरावा शालूकडं होता. कॅमेरा नवा घेतला तेव्हा हात बसावा म्हणून ती पांदणीत जाऊन बापाच्या मेंढरांवरच शिकली. मेंढरं वरातीसारखीच असतात, थांबा म्हटलं तर थांबत नाहीत. मग सवयच लागली. दरवर्षी उन्हाळ्यात एक दिवस ती माहेरी जायची, कडुनिंबाखाली बसायची आणि मेंढरं पाण्याला जाताना टिपायची.

औरंगपुऱ्यातल्या सोमनाथच्या दुकानातून तिनं त्याच दिवशी नवा डबा आणला. सोमनाथनं जुन्याचा आवाज फोनवर ऐकला आणि सरळ सांगितलं, “वहिनी, ही डिस्क एखादा दिवस काढंल, जास्तीत जास्त दोन. जे लई महत्त्वाचं हाय ते आधी घ्या. मागचं मागं ऱ्हाईल आसं धरूनच चाला.”

झालं, इथंच घरात ठिणगी पडली.

“गिऱ्हाइकांची लग्नं आधी घे,” अंगद म्हणाला. “धंदा हाय आपला.”

“त्यांची लग्नं त्यांना कवाच दिलीत. पेनड्राइव्ह, अल्बम, समदं.”

“उद्या कुणी परत मागितलं तर?”

“तर नाय म्हनून सांगीन. मेंढरं आधी.”

“शालू, मेंढरांच्या व्हिडिओला कोन इचारतंय? तहसीलदार काय सिनेमा बघत बसनार हाय का? सर्जेरावांकडं वकील हाय. तुझ्याकडं काय हाय?”

“माझ्याकडं नऊ सालं हायेत,” शालू म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली.

जुना डबा तापत होता. तिनं तो कूलरसमोर मांडला. कूलर कोरडा, कारण नळाला आठव्या दिवशी पाणी आणि सातवाच दिवस चालू होता. घरात अंघोळीच्या दोन बादल्या तेवढ्या होत्या. शालूनं दोन्ही कूलरमध्ये ओतल्या. अंगद दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. त्यानं रिकाम्या बादल्यांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि टॉवेल मुकाट्यानं खुंटीला लावला.

फोल्डर एकेक करून नव्या डब्यात जायला लागले. त्यांची नावं शालूनं बाप जशी सालं मोजतो तशीच ठेवली होती. मुंजाबाला दोन हजार अमुक-तमुक कधी कळलंच नाही. तो म्हणायचा टँकरचं साल, छावणीचं साल, तोंडाला फडक्याचं साल, बांडी मेंढीच्या जुळ्यांचं साल. फोल्डरवर तीच नावं, आकडा एकाही नावात नाही. घाई इतकी होती की कॉपी सुरू करताना मूळ तारखा जपायच्या का, असा एक चौकोन समोर आला, तो तिनं न वाचताच पुढं ढकलला. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मेंढरं आली. बुधवारी निम्मीशिम्मी लग्नं आली. दुपारी जुन्या डब्यानं एक लांब सूर काढला आणि तो कायमचा गप्प झाला.

जे मागं राहिलं त्यात शालू-अंगदचं स्वतःचंही लग्न होतं. ते कळल्यावर शालू खालीच बसली. इतरांची शेकडो लग्नं जपली आणि आपलंच गेलं, याचं तिला खरोखर रडू आलं. अंगद शेजारी येऊन बसला.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “आपलं लगीन झालंय, त्याचा पुरावा तहसीलदार मागत नाय.”

शुक्रवारी तहसील कचेरीत शालू लॅपटॉप आणि नवा डबा दोन्ही घेऊन गेली. मुंजाबा धुतलेलं धोतर नेसून, काठी बाहेर ठेवून बाकावर टेकला. समोर सर्जेराव, कडक पांढऱ्या शर्टात, आणि त्यांचे वकील. शालूनं पहिला फोल्डर उघडला. वकिलांनी व्हिडिओकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी फोल्डरच्या पुढची तारीख पाहिली, मग पुढच्याची, मग त्याच्या पुढची, आणि ते हसले.

“साहेब, सगळे फोल्डर या सोमवार-मंगळवारचे. एकूण एक! डबा नवा, फोल्डर नवे आणि वाटही नवीच. हे दोन वर्षांतलं चित्रण आहे, आता वेगवेगळी नावं देऊन मांडलंय.”

 तो न वाचलेला चौकोन शालूच्या डोळ्यांपुढं आला. कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळाचा सेल पहिल्याच वर्षी मेला होता, त्यामुळं त्याची तारीख कायम खोटीच असायची. खरी तारीख होती ती जुन्या डब्यात, आणि जुना डबा घरी मरून पडला होता.

“कॉपी करताना तारखा बदलल्या साहेब,” ती म्हणाली. तिलाच ते लंगडं वाटलं.

“मूळ डबा?” तहसीलदारांनी विचारलं.

“बंद पडला.”

“बघा,” वकील म्हणाले, आणि सर्जेरावांनी पाय लांब केले.

तेव्हा मुंजाबा उठून लॅपटॉपपाशी आला. त्याचं तारखेकडं लक्षच नव्हतं. तो मेंढरं बघत होता.

“ही काळतोंडी,” तो म्हणाला. “हे टँकरचं साल. हिच्या पोटची ही तुटक्या कानाची, हितं बघा, ही छावणीच्या साली पयल्यांदा व्याली. ही बांडी तिची लेक. फडक्याच्या सालात ही कोकरू व्हती, आन् ह्या म्होरल्यात तिलाच जुळं. आता सायेब, लेक आईच्या आधी जलमती व्हय?”

कारकून फिस्सकन हसला. वकील म्हणाले, “साहेब, आता मेंढरांची साक्ष नोंदवायची का?”

शालूच्या अंगाचा तिळपापड झाला. बाप साठ मेंढरांची चार पिढ्यांची नाती तोंडपाठ सांगतोय, आणि हे दात काढताहेत! तिनं रागारागानं बापानं सांगितलेल्या क्रमानं सगळे व्हिडिओ पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. टँकर, छावणी, फडकं, जुळं. सगळे एकाच जागेवरून घेतलेले, कडुनिंबाखालून. इतकी वर्षं ती मेंढरांकडं बघत आली होती. मेंढरांच्या मागं काय आहे हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, आणि तिचा हात थांबला.

“साहेब,” ती म्हणाली, “तारीख सोडा. मेंढरंबी सोडा. मागं बघा.”

टँकरच्या साली काळतोंडीच्या मागं नुसतं ढेकळांचं शेत होतं. छावणीच्या साली तुटक्या कानाच्या मागं दोन स्लॅब आणि वर सळया. फडक्याच्या साली पाच मजले, विटा उघड्या. जुळ्यांच्या साली आठही मजले, रंग दिलेले, वरती इमारतीच्या नावाची पाटी.

तहसीलदार खुर्चीतून पुढं वाकले. कारकुनाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

“मला काय म्हनायचंय साहेब,” शालूचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. “माझ्या डब्याची तारीख खोटी आसंल. मला कॉपी करता येत नसंल. पर सर्जेरावांची इमारत तर खोटी नाय ना? ती काय वरून खाली बांधली का त्यांनी? कुठल्या साली कितवा स्लॅब पडला, ते आमी नाय लिव्हलेलं. त्यांनीच लिहून दिलंय, बांधकामाच्या कागदावर, तुमच्याच फाइलीत.”

फाइल टेबलावरच होती. तहसीलदारांनी पानं उलटली. बांधकाम परवानगी दोन हजार सतराची. त्यांनी बोट पानावर ठेवलं आणि दुसरं पडद्यावर, ढेकळांच्या त्या शेतावर, ज्याच्या कडेनं साठेक मेंढरं मान खाली घालून पाण्याला चालली होती.

“सर्जेराव,” ते म्हणाले, “हे शेत तुमचंच ना?”

सर्जेरावांनी पाय आत घेतले. शेत त्यांचंच होतं, चित्रात बांधावर दिसणारी विहीरही त्यांचीच होती, आणि विहिरीच्या कठड्यावर त्यांच्या वडिलांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की नाही म्हणायची सोय नव्हती. वकील काहीतरी जागेच्या ओळखीबद्दल बोलायला लागले. तहसीलदारांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन जागा पाहिली. कडुनिंबाखाली उभं राहून त्यांनी लॅपटॉपमधलं चित्र आणि समोरचं चित्र ताडून पाहिलं, आणि आठवड्याच्या आत फाटक उघडं ठेवण्याचा हुकूम आला. सर्जेराव वरती दाद मागणार म्हणे. मागू देत. शालूनं तोवर सगळ्या व्हिडिओंच्या तीन प्रती केल्या होत्या आणि एक सोमनाथच्या दुकानात ठेवली होती.

हुकूम आला त्या सकाळी ती कॅमेरा घेऊन कडुनिंबाखाली बसली. अंगदही आला होता, कूलरच्या पाण्याची कथा पांदणीत भेटेल त्याला सांगत. फाटक उघडं होतं. पण फाटकापाशी सर्जेरावांनी वॉचमन बसवला होता, आणि मुंजाबा मेंढरं घेऊन आला तसा वॉचमननं जाड रजिस्टर पुढं केलं.

“बाबा, नाव लिव्हा. आत कुनाकडं चाललात, कवा आलात, ते बी लिव्हा. पाहुन्यांना लिव्हावं लागतं.”

शालू उठायच्या बेतात होती. पण मुंजाबानं काठी टेकली, रजिस्टरकडं पाहिलं, आठ मजल्यांकडं खालून वर पाहिलं, आणि सगळ्या पांदणीला ऐकू जाईल असं बोलला.

“पाहुना मी नाय बाबा. माझ्या आज्याची मेंढरं हितनं जायची तवा हितं ढेकळं व्हती. पाहुने तुमी हायसा. तुझं नाव सांग, कवा आलास ते बी सांग. माझी लेक लिव्हून घेईल.”

वॉचमननं मागं वळून कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग त्यानं रजिस्टर मिटलं आणि खुर्ची बाजूला ओढली. बांडी पहिली आत शिरली, तिच्यामागं तिची दोन्ही पिल्लं, आणि मग सगळीच.

शालूनं संध्याकाळी तो व्हिडिओ नव्या डब्यात टाकला. तारखेचा चौकोन यावेळी नीट वाचला आणि त्यावर खूण केली. नाव मात्र तिनं बापाच्याच पद्धतीनं दिलं: फाटक उघडल्याचं साल.