भिंतीवरचे एकशे सत्तर

कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. कामगारांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात बावीस वर्षं कापडाला पहिली कात्री तीच लावायची, म्हणून मास्तर. मग कर्करोग झाला, शस्त्रक्रियेत उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी गेल्या, आणि किरणोपचारांनी छातीची कातडी अशी आवळली की कपाटाच्या वरच्या कप्प्यातली वाटीसुद्धा परकी झाली. नवऱ्यानं मात्र घरातही तेच नाव चालू ठेवलं. "मास्तर, चला. भिंत वाट बघतेय."

भिंत म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधला जेमतेम दोन हात रुंद रिकामा भाग. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेला व्यायाम सोपा होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताची बोटं कोळ्यासारखी एकेक पाऊल वर न्यायची, ताण आला की थांबायचं, दहा मोजायचे आणि तसंच खाली यायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

मास्तर पाचदा करायची. दूध तापेपर्यंत एकदा, कपडे मशीनमध्ये फिरत असताना एकदा. तिला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. टीव्ही लावायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. खिडकीत उभी राहून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या सदऱ्यांचे खांदे बघायची आणि कुणी कापलाय हा, म्हणून चरफडायची.

कारण सोमवार जवळ येत होता. मालकांनी तिचं टेबल सोमवारपर्यंत राखलं होतं. मोठी ऑर्डर आली होती आणि त्या दिवशी कटिंग सुरू व्हायलाच हवं होतं. ती आली नाही तर दुसऱ्या शाखेतला कटर यायचा, आणि तो एकदा आला की परत जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मालक फोनवर म्हणाले होते, "तुम्हाला शिवलेले कपडे तपासायला बसवू ना मास्तर. खुर्चीवर. पंख्याखाली." त्या दिवशी ती जेवली नव्हती.

टेबलाच्या पलीकडच्या काठापर्यंत कात्री न्यायला हात किती उघडावा लागतो, ते तिनं डाव्या हातानं ताडून पाहिलं होतं. भिंतीवर तो आकडा येत होता एकशे सत्तर सेंटिमीटर. तिथवर उजवं बोट पोचलं की काम हातचं.

आकड्यांची जबाबदारी नवऱ्याची. तो वीज मंडळाचा मीटर वाचणारा. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारून आकडे टिपलेले. रोज संध्याकाळी तो तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारायचा, स्टीलचा टेप लावायचा आणि वहीत तारखेसकट लिहायचा. पहिल्या दिवशी एकशे अठरा. तिसऱ्या आठवड्यात एकशे पंचेचाळीस. गेल्या बुधवारी एकशे अडुसष्ट, आणि शनिवारी संध्याकाळी त्यानं जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "एकाहत्तर! मास्तर, एकशे एकाहत्तर!"

त्याच वेळी त्याची धाकटी बहीण जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत बसली होती. ती भावाच्या घरी आली की आपली सगळी राहिलेली कामं घेऊनच यायची. तिनं मान वर केली, पुन्हा खाली केली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या टाचा कुठं गेल्या?"

"कुठं जातील? जमिनीवर आहेत."

"जमिनीवर? अगं, खालून उंदीर जाईल." नणंदेनं नखं झटकली आणि वर्तमानपत्राचं पान मास्तरच्या टाचांखाली सारलं. कागद या बाजूनं गेला आणि कशालाही न अडता त्या बाजूनं बाहेर आला.

मास्तरनं खाली पाहिलं. ती चवड्यांवर उभी होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

का, ते तिच्या लगेच ध्यानात आलं. रुंद कापडावर पलीकडे कात्री नेताना माणूस आपोआप टाचा उचलतो आणि पोट टेबलाला टेकवून पुढं झुकतो. बावीस वर्षं हात लांबवला की टाच उचलायची. त्या पायांना भिंत काय आणि टेबल काय.

"परत घ्या," ती म्हणाली. "मी टाचा टेकवते."

नणंदेनं दोन्ही टाचा हातानं दाबून धरल्या. "हं, चढ आता. हलू देत नाही."

बोटं निघाली. एकशे साठच्या आसपास काखेतली दोरीसारखी शीर ताणली जायला लागली, छातीची कातडी ओढली गेली. नवऱ्यानं रेघ मारली आणि टेप लावला. मग टेप काढून पुन्हा एकदा लावला.

"सांगा की अहो."

"एकशे त्रेसष्ट."

"आठ सेंटिमीटर माझ्या टाचांचे होते म्हणजे."

"माझं रीडिंग बरोबर होतं," नवरा वही छातीशी धरून म्हणाला. "मी रोज टेप नीट लावलाय."

"आकडा बरोबर होता रे दादा," नणंद म्हणाली. "तू खाली बघितलंच नाहीस. मीटरच्या खाली बघायची सवय नाही ना तुला."

त्याचा चेहरा पडला. मास्तरला हसू आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"वहिनी, कुणाला कळणार आहे?" नणंद मागं येऊन हळूच म्हणाली. "तिथं तरी तू टाचा उचलूनच कापणार ना? मग झालं की."

रविवारी दिवसभर ते वाक्य मास्तरच्या डोक्यात घोंघावत राहिलं. तिनं पलंगावर चादर पसरली, काठाशी उभी राहून रिकामा हात पलीकडे नेला. टाचा उचलल्या की पोचत होता. पण असा हात नेला की सगळं वजन खांद्यावर लोंबत होतं, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं की त्या हाताला ओढ बसू द्यायची नाही, सूज एकदा आली की सहजी जात नाही. तिनं तीनदा चादर काढली, तीनदा घातली. नवऱ्यानं शेवटी चादरच उचलून नेली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. टेबल होतं तिथंच, एक लांब बाजू भिंतीला चिकटलेली. वर गडद निळं कापड, चार थर. मालक चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले.

"या मास्तर! जमतंय ना? त्या दुसऱ्या कटरला फोन करून नको म्हणून सांगू?"

तिनं खडू उचलला आणि रेघ ओढायला सुरुवात केली. कापडाच्या मध्यावर टाचा आपोआप सुटल्या. तिनं त्या खाली टेकवल्या आणि हात थांबला. पुढं अर्धं कापड उरलं होतं. खोटं बोलायला आत्ता एक क्षण पुरला असता.

"हात इथवरच पोचतो," ती म्हणाली. "पुढं नाही."

मालकांचा कप अर्ध्यावर थांबला. "मग?"

"टेबल भिंतीपासून ओढा. उरलेलं मी पलीकडून कापीन."

"अहो, हे टेबल कधी हललेलं नाही!"

"आज हलवू या. चार माणसं बोलवा. मला मात्र ढकलायला सांगू नका."

मालक पुटपुटले, कप ठेवला, इस्त्रीवाल्यांना हाक मारली. टेबल किंचाळत दीड हात पुढं आलं. तिथं धूळ, तुटके खडू आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल निघाली. मास्तर त्या फटीत शिरली आणि पलीकडून खडू मध्याकडे आणू लागली.

आता खरी परीक्षा होती. दोन बाजूंनी आलेल्या रेघा मधे जुळायला हव्या होत्या. तिनं आधी इकडून कात्री चालवली, मग वळसा घालून तिकडून. मधे पोचल्यावर श्वास रोखला आणि वरचा तुकडा उचलून प्रकाशात धरला. सांध्याशी एक पायरी दिसत होती, दोन मिलिमीटरची.

"शिलाईत जाईल ती," मालक डोळे बारीक करून म्हणाले.

"जाईल. पण मला नको आहे ती." तिनं तुकडा खाली ठेवला. "पुढचे चार थर लावा."

मालकांनी खिशातून फोन काढला. त्या दुसऱ्या कटरला ते म्हणाले, "आज येऊ नका. गुरुवारी कळवतो." मग मास्तरकडे न बघता बाहेर गेले.

गुरुवार. म्हणजे तीन दिवस. मास्तरनं दोन्ही टाचा फरशीवर घट्ट रोवल्या, रेघ मध्यापर्यंत ओढली आणि टेबलाला वळसा घालायला निघाली.