मामांच्या खुणा

साहेबांचं एकच दुखणं होतं. त्यांचं कधी चुकायचंच नाही! ते डब्यांच्या कारखान्याचे मॅनेजर आणि घर कारखान्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे दिवसभर ते भोंग्यावरून जे ओरडायचे ते बायकोला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ती म्हणायची, "वीस वर्षं झाली लग्नाला, एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणा हो!" साहेब म्हणायचे, "चुकलं की म्हणेन."

गुरुवारी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर दुसरी पाळी बंद आणि चाळीस माणसं घरी. साहेबांची झोप उडाली होती, आणि काळजी वाटली की त्यांना साफसफाई सुचायची. बुधवारी त्यांनी सगळी मशीनं घासूनपुसून घेतली. झाकणाच्या मशीनवर फोरमन मामांनी खडूने रेघा ओढून ठेवल्या होत्या. साहेब भोंग्यावरून कडाडले, "मामा, मशीन आहे की पाटी? काय ही गिचमीड! पुसा!"

मामांनी फडकं घेतलं आणि पुसलं.

गुरुवारी सकाळी पहिलं झाकण डब्यातच पडलं. दुसरं बसेना. तिसरं बसलं ते निघेना. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, या बटणांवरचे आकडे केव्हाच झिजलेत. आम्ही मामांच्या रेघांवर चालायचो."

मामा कँटीनमध्ये चहा फुंकत बसले होते.

"मामा, चला, तेवढ्या खुणा करून द्या."

"कसल्या खुणा? ती तर गिचमीड होती."

"अहो, चाळीस माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे!"

"येतो की. पण गिचमीड तुम्ही भोंग्यावरून म्हणालात. माझा जावई पॅकिंगला आहे, साहेब. काल जेवताना तोंड लपवून हसला मेला. जे भोंग्यावरून गेलं ते भोंग्यावरूनच परत येऊ दे."

साहेबांनी माईक हातात घेतला. नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकाची गाडी फाटकातून आत शिरली. साहेबांनी डोळे मिटले.

"सर्वांना सूचना. मामांच्या खुणा मी पुसायला लावल्या. ती गिचमीड नव्हती. माझं..." भोंगा खरखरला. "माझं चुकलं."

बाहेर येऊन बघतात तो गिऱ्हाईक बरोबर भोंग्याखाली, मान वर करून उभं! गेली ऑर्डर, साहेबांनी मनाशी म्हटलं.

मामांनी मशीनला कान लावला, दोन बटणं फिरवली, खडूने रेघ मारली. झाकण बसलं, टक! गिऱ्हाइकाने दहा वेळा उघडझाप केली आणि मामांना विचारलं, "हे भोंग्यावरचं रोज असतं का?"

"नाही हो," मामा म्हणाले, "आजच सुरू झालंय."

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. "दहा कारखाने हिंडलो. सगळीकडे चूक एकतर विजेची, नाहीतर आधीच्या मॅनेजरची!" आणि त्याने तिथेच मशीनवर कागद ठेवून सही केली. दुपारी दुसरी पाळी नेहमीसारखी आत आली.

संध्याकाळी साहेब घरी आले तर बायको गाल फुगवून बसलेली.

"ऐकलंस वाटतं?"

"ऐकलं. वीस वर्षं मी वाट बघतेय, आणि पहिला मान मामांना! आता तो भोंगा घरी आणा."

"भोंगा कशाला?" साहेबांनी चपला काढल्या, घसा खाकरला आणि हळूच म्हणून टाकलं.

बायकोला अगदी स्पष्ट ऐकू आलं. तरी तिने ते तीनदा म्हणायला लावलं.